प्रवासात बाईकवर नेण्यासाठी आटोपशीर टूलकिट: काय घ्यावं, काय सोडावं?

लांबची_वाट

नमस्कार मंडळी. माझी सिंगल सिलिंडर बाईक आहे. पुढे २१ आणि मागे १८ इंची स्पोकची चाकं, दोन्हीकडे ट्यूब. लांबच्या प्रवासाला निघतोय, त्यात बराचसा कच्चा रस्ता आहे आणि मोठ्या टप्प्यांत गॅरेज मिळणार नाही.

सीटखालचं कंपनीचं किट काल उघडून पाहिलं. एक उलटसुलट बसणारा स्क्रू ड्रायव्हर, दोन पातळ फिक्स पाने, एक ॲलन की आणि प्लगचा पाना. ह्यातलं काही मागच्या एक्सलच्या नटाला लावलं तर नट हलण्याआधी पानाच वाकेल. दुसरीकडे बाजारात शंभरेक नगांचे तयार बॉक्स आहेत. ते भरीव दिसतात, पण जड आहेत, आणि त्यातल्या निम्म्या गोट्या (सॉकेट) माझ्या बाईकला कुठे लागतील ते कळत नाही.

चेन ताणणं, ऑइल बदलणं, क्लच केबल बदलणं मला जमतं. पंक्चर रस्त्यात अजून काढलेलं नाही. तयार सेट घ्यावा की सुटी हत्यारं जमवावीत? १/४ इंची रॅचेट (गोट्या फिरवायचा टकटक दांडा) पुरेल का? वजन ३ किलोच्या आत हवं. आणि हे सगळं ठेवायचं कुठे?

मोकळा_रस्ता

मी १/४ इंची छोटा सेट, एक मल्टिटूल, प्लग स्ट्रिपचं पंक्चर किट आणि १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर एवढंच नेतो. माझे टायर ट्यूबलेस आहेत, त्यामुळे चाक काढायची वेळच येत नाही. खिळा उपटायचा, भोक रीमरने साफ करायचं, स्ट्रिप घालायची, हवा भरायची. तुमचं गणित ट्यूबमुळे वेगळं आहे, पण सेट मात्र तयारच घ्या. सुटं जमवण्यात फार वेळ जातो.

रिंगपाना

तयार बॉक्स घेऊ नका, असं मी आग्रहाने सांगेन. बॉक्स भरणाऱ्याने तुमची बाईक पाहिलेली नसते. त्यात ९, ११, १६ मिलिमीटरच्या गोट्या येतात, आणि मागच्या एक्सलला लागणारी २४ किंवा २७ ची नेमकी नसते. वेळ सुटं जमवण्यात जातो हे खरं, पण त्याच वेळेत बाईक हाताखालून जाते, आणि प्रवासात तेच कामाला येतं.

सुरुवात उलट्या टोकाने करा. वही घेऊन बाईकजवळ बसा आणि रस्त्यात जी कामं तुम्ही खरोखर करणार आहात तेवढ्यांचेच नट-बोल्ट मोजून लिहा. दोन्ही चाकं काढणं, चेन ताणणं, केबल आणि लिव्हर बदलणं, पडल्यावर हँडल सरळ करणं, सीट आणि टाकी काढणं, बॅटरीची टर्मिनलं, प्लग. इंजिन रस्त्याकडेला उघडलं जाणार नाही, तेव्हा त्याची हत्यारं नकोत. जपानी बाईक असेल तर यादी बहुतेक ८, १०, १२, १४, १७ अशी निघते. युरोपियन बाईकवर १२-१४ च्या ऐवजी १३ जास्त भेटतो, शिवाय टॉर्क्सचे, म्हणजे चांदणीच्या खाचेचे बोल्ट. ॲलनमध्ये ४, ५, ६, ८. काही बाईकचा पुढचा एक्सल आतून षटकोनी असतो. त्याला जाडजूड ॲलन लागते, ती साध्या सेटमध्ये मिळत नाही. तो जरूर तपासा.

मग एखादी पूर्ण सर्व्हिसिंग घरी फक्त ह्या पिशवीतल्या हत्यारांनी करा. दुसरा पाना घ्यायला हात गेला, की तो पाना पिशवीत. आणि ज्याला हातच लागला नाही, ते बाहेर.

१/४ इंची रॅचेटबद्दल. १० पर्यंतच्या बोल्टला ते फार छान, अडचणीच्या जागी सहज शिरतं, वजनही नगण्य. १२-१४ लाही चालेल, पण जाम बोल्टवर त्याला छळू नका, तिथे रिंग पाना लावा. मागच्या एक्सलला मात्र ते अजिबात नाही. मध्यम बाईकवर त्या नटाचा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा पीळ, १०० न्यूटन मीटरच्या आसपास असतो. २० सेंटिमीटरचं हत्यार धरलं तर टोकाला ५०० न्यूटन, म्हणजे साधारण ५० किलोचा जोर हवा. ४० सेंटिमीटरला तोच निम्म्यावर येतो. जाम झालेला नट सोडवायला ह्याहून जास्त लागतं. म्हणून एका टोकाला रिंग पाना आणि दुसऱ्या टोकाला टायर लिव्हर असं जोडहत्यार घ्या. मोशन प्रोचे टी-६ लिव्हर ह्याच प्रकारचे आहेत. टायरसाठी लिव्हर तसेही न्यायचेच आहेत, म्हणजे एक्सलच्या पान्याचं वजन वेगळं पडत नाही. फक्त विकत घेण्याआधी आपल्या नटाचं माप पक्कं करा.

टॉर्क रेंच नेऊ नका. घरी नीट टॉर्क लावून झाल्यावर नट आणि एक्सलचं टोक ह्यांच्यावर मिळून पेंट मार्करने एक सरळ रेघ ओढा. रस्त्यात चाक परत बसवताना ती रेघ जुळेपर्यंत आवळायचं. नटाला स्प्लिट पिन असेल तर नव्या दोन पिना सोबत ठेवा. जुनी पिन पुन्हा वाकवली की तुटते.

गोट्या सहा कोनांच्याच घ्या. बारा कोनांची गोटी जुन्या, गंजक्या बोल्टचे कोपरे लवकर खाते.

आता स्क्रू ड्रायव्हर, कारण सगळ्यात जास्त नासधूस इथे होते. जपानी बाईकवरचे प्लसचे स्क्रू फिलिप्ससारखे दिसतात, पण ते जेआयएसचे, म्हणजे जपानी मानकाचे असतात. बऱ्याच वेळा डोक्यावर एक बारीक ठिपका असतो, त्यावरून ओळखा. फिलिप्सचं टोक त्यात तळापर्यंत बसत नाही. जोर दिला की वर सरकतं आणि खाच गोल करून टाकतं. पुढच्या ब्रेकच्या ऑइल डबीच्या झाकणाचे दोन स्क्रू बहुतेक ह्याच कारणाने गेलेले असतात. जेआयएसचं एक चांगलं बिट घ्या, ते फिलिप्सच्या स्क्रूलाही निभावतं.

पकडींमध्ये माझी आवडती क्निपेक्सचा प्लायर रेंच. जबडे समांतर आणि गुळगुळीत, त्यामुळे नट सोलत नाही. मधल्या मापाच्या दोन-तीन पान्यांचं काम एकटा करतो. महाग आहे, तरी घ्या.

ठेवायचं कापडी रोलमध्ये घट्ट गुंडाळून, खाली आणि बाईकच्या मध्याजवळ. इंजिन गार्डच्या पुढे किंवा पॅनियरच्या (बाजूला लटकणाऱ्या पेटीच्या) तळाला चालेल. शेपटाकडच्या बॅगेत लोखंड भरू नका, वळणावर मागचा भाग जड लागतो. आणि पाठीवरच्या सॅकमध्ये तर मुळीच नाही. पडलात तर पाना आणि रस्ता ह्यांच्या मधे तुमचा मणका येईल.

लांबची_वाट

एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. आज वही घेऊन बसलो. पुढचा एक्सल खरंच आतून षटकोनी निघाला, माझ्याकडची कुठलीच ॲलन त्यात बसत नाही! आता पंक्चरचं विचारतो. ट्यूब दोन्ही मापांच्या नेऊ का? आणि हवेसाठी सीओटूचे छोटे सिलिंडर बरे की पंप?

रिंगपाना

जागा कमी असेल तर फक्त २१ ची ट्यूब घ्या. गरज पडली तर ती १८ च्या टायरमध्ये घडी न पडू देता बसवून पुढच्या गावापर्यंत जाता येतं. १८ ची ट्यूब २१ मध्ये ताणण्यापेक्षा हे बरं. पण तो तात्पुरता इलाज, मागची योग्य ट्यूब लवकर घाला. पॅच आणि सोल्युशन हवंच. सोल्युशनची ट्यूब उघडली की वाळते, न उघडलेली न्या.

सीओटू नको. १६ ग्रॅमच्या एका सिलिंडरने मागचा टायर चालवण्याइतका भरत नाही, तीन-चार लागतात. ट्यूब चिमटली तर ते सगळे वाया. छोटा हातपंप दमवतो, पण संपत नाही.

टायर काढताना लोक लिव्हरवर जोर देत बसतात. खरी किल्ली समोरच्या बाजूला आहे. ज्या ठिकाणी लिव्हर लावलाय त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूचा टायरचा काठ गुडघ्याने दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरवा. तेवढी ढील मिळाली की शेवटचा भाग फार ताकद न लावता वर येतो. बसवतानाही तसंच, आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करा. ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरा, म्हणजे ती लिव्हरखाली येत नाही. व्हॉल्व्हचा नट रिमवर आवळू नका, वर टोपीजवळ ठेवा. कमी हवेत टायर रिमवर सरकला तर व्हॉल्व्ह तिरका झालेला दिसेल. नट आवळलेला असेल तर व्हॉल्व्ह मुळातून फाटतो.

निघण्याआधी हे एकदा घरी, मागच्या चाकावर, कोणाची मदत न घेता करा. मेन स्टँड नसेल तर चाक उचलायचं कशावर, हेही तेव्हाच ठरेल.

पिवळा_फ्यूज

वायरिंगचं कोणी बोललं नाही, म्हणून थोडं. हाताच्या पंजाएवढा मल्टिमीटर न्या. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीला १२.६ व्होल्टच्या आसपास दिसतात, इंजिन फिरवून रेस दिल्यावर साधारण १४. रेस देऊनही आकडा चढत नसेल तर नवी बॅटरी आणून उपयोग नाही, दोष चार्जिंगमध्ये आहे. ब्लेड फ्यूज रंगाने ओळखता येतात: १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा. सोबत मीटरभर वायर, इन्सुलेशन टेप, केबल टाय.

क्लच केबल बदलता येते म्हणालात, तर नवी केबल पिशवीत ठेवूच नका. जुनीच्या शेजारून तिच्याच वाटेने ओवून टाका आणि दोन्ही टोकांना टेप गुंडाळा. तुटली की फक्त टोकं बदलायची, टाकी काढावी लागत नाही. चेनचं जादा लॉकही घ्या, तुमच्या चेनच्या नंबरचं, ५२० असेल तर ५२०. क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला.