मदत हवी आहे: दोन डीमॅट, जुने शेअर, त्यात डीमर्जर. पोर्टफोलिओचा हिशेब कशात ठेवता?

मोरपंखी

मंडळी, कोणता शेअर घ्यावा हे विचारायला आलेले नाही. घेतलेल्या शेअरचा हिशेब कुठे ठेवावा, एवढंच विचारायचं आहे. अभ्यास आणि हिशेब दोन्ही नीट करणारी एकच साईट मला तरी अजून सापडलेली नाही.

परिस्थिती अशी. सगळे शेअर आईच्या नावावर आहेत. तिची डीमॅट खाती दोन. एक जुनं, बँकेच्या ब्रोकिंग कंपनीतलं, एनएसडीएल या डिपॉझिटरीवर (शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात सांभाळणारी संस्था). दुसरं मी उघडून दिलेलं, डिस्काउंट ब्रोकरकडचं, सीडीएसएल या दुसऱ्या डिपॉझिटरीवर. बाबा गेल्यावर त्यांचे शेअर ट्रान्समिशन होऊन, म्हणजे वारस म्हणून आईच्या नावावर होऊन, जुन्या खात्यात आले. त्यातले काही तर कागदी सर्टिफिकेटांच्या जमान्यातले आहेत. पुढची खरेदी दोन्ही खात्यांत मिळून झाली. जुलैत रिटर्न भरायची वेळ आली की दोन ब्रोकरांचे दोन अहवाल समोर असतात आणि दोघांचंही पटत नाही.

अभ्यासाचं थोडक्यात सांगते, म्हणजे त्यावर कोणी वेळ घालवणार नाही. त्यासाठी मी स्क्रीनर ही साईट वापरते. दहा वर्षांचे आकडे एका पानावर, ते एक्सेलमध्ये उतरवून घ्यायची सोय, कॉन्कॉल (कंपनीचा गुंतवणूकदारांशी फोनवरचा संवाद) आणि वार्षिक अहवाल तिथेच खाली. शिवाय आपली चाळणी आपण लिहायची: बाजारमूल्य ५०० कोटींच्या वर, पीई (भाव भागिले शेअरमागचा नफा) १५ च्या आत, आरओसीई (वापरलेल्या भांडवलावरचा परतावा) २२ टक्क्यांच्या वर, वगैरे. (बँकांना आरओसीई लावू नका, त्यातून काही कळत नाही.) ट्रेंडलाइन या साईटचा डीव्हीएम स्कोअर (शेअरला दिलेले गुण) आणि टिकरटेप या साईटचा मार्केट मूड इंडेक्स अधूनमधून बघते, पण करमणूक म्हणून. हिरव्या-लाल रंगावरच खरेदी करायची असेल तर ताळेबंद वाचायचा कशाला?

एकाच कंपनीचा पीई दोन साईटवर वेगळा का दिसतो, असं इथे बऱ्याचदा विचारलं जातं. बहुतेक वेळा एक साईट एकट्या कंपनीचा नफा धरते आणि दुसरी उपकंपन्यांसकट एकत्रित. खुद्द एनएसईने ३१ मार्च २०२१ पासून निफ्टीचा पीई एकत्रित नफ्यावर काढायला सुरुवात केली, तेव्हा तो एका दिवसात चाळिशीवरून तेहेतिसाच्या आसपास आला होता. बाजार तेवढा पडला नव्हता, भाजक बदलला होता.

आता खरं दुखणं. ३०० किंवा ५०० शेअर आहेत हे कुठलंही ॲप सांगतं. ते कितीला पडले हे विचारलं की गडबड सुरू. उदाहरण आयटीसीचं. आईने २०२१ च्या सुरुवातीला २१० च्या भावाने ५०० घेतले होते. जानेवारी २०२५ मध्ये डीमर्जर झालं, म्हणजे आयटीसीतून आयटीसी हॉटेल्स ही वेगळी कंपनी झाली, दहाला एक या प्रमाणात ५० शेअर आले. आमच्या एका ब्रोकरच्या ॲपमध्ये (नाव नको) त्या ५० शेअरची खरेदी किंमत शून्य दिसते आणि आयटीसीची २१० च राहिली आहे.

कंपनीने दिलेली विभागणी ८६.४९ टक्के आयटीसी आणि १३.५१ टक्के हॉटेल्स अशी आहे. म्हणजे १,०५,००० पैकी ९०,८१४.५० आयटीसीकडे राहिले, शेअरला १८१.६३. उरलेले १४,१८५.५० हॉटेल्सकडे गेले, शेअरला २८३.७१. हॉटेल्सचा शेअर २९ जानेवारी २०२५ ला बाजारात आला तोच दोनशेच्या आत. तेव्हा विकले असते तर ॲपने सगळीच्या सगळी रक्कम नफा म्हणून दाखवली असती, आणि प्रत्यक्षात शेअरमागे शंभरेक रुपयांचा दीर्घकालीन तोटा! ग्राहक सेवेचं उत्तर आलं की आकडा तुम्ही स्वतः बदलू शकता. बदलते हो, पण मग ॲप कशाला?

चाचपून बघितलेले पर्याय: मनीकंट्रोलचा पोर्टफोलिओ, व्हॅल्यू रिसर्च (माझ्या मते म्युच्युअल फंडांसाठी जास्त सोयीचं), टिकरटेपला ब्रोकर जोडणं, एमप्रॉफिट हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि शेवटी आपली गूगल शीट. जाणकारांनी तीन गोष्टी सांगाव्यात. डीमर्जर, बोनस, विलीनीकरण यांची किंमत बरोबर कोण धरतं? दोन डीमॅट असतील तर विक्रीचा नफा कसा काढायचा? आणि काही ॲप ईमेल वाचायची परवानगी मागतात, ती द्यावी का?

दुपारचा_चहा

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडेही हेच आहे, फक्त डीमॅट तीन.

खातेवही

ताई, सीएच्या ऑफिसात काम करते, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात.

डीमॅटमधल्या शेअरना फिफो लागतो, म्हणजे आधी आलेला आधी विकला. पण तो खातेनिहाय. तसं प्रत्यक्ष कर मंडळाचं १९९८ चं परिपत्रक आहे, क्रमांक ७६८. दोन्ही खाती एकत्र करून फिफो लावणारा कुठलाही ट्रॅकर तुमचा नफा चुकीचा काढणार. एकत्र बेरीज दाखवणं वेगळं आणि एकत्र फिफो लावणं वेगळं. कुठलंही साधन घेण्याआधी हेच तपासा: साधनात एकाच कंपनीचे शेअर दोन खात्यांत नोंदवा, नव्या खात्यातले विकल्याची नोंद करा, आणि खरेदी कुठल्या खात्यातली उचलली ते बघा. पाच मिनिटांत साधनाची पत कळते.

बाबांकडून आलेल्या शेअरना ट्रान्समिशनची तारीख धरायची नाही. खरेदीची किंमत आणि शेअर धरून ठेवल्याची मुदत बाबांचीच लागते. ब्रोकरच्या ॲपला हे माहीत असायचं कारण नाही, त्याला फक्त खात्यात शेअर आल्याचा दिवस कळतो.

ऑफिसात आम्ही एमप्रॉफिट वापरतो. काँट्रॅक्ट नोटची (ब्रोकरच्या व्यवहाराच्या पावतीची) पीडीएफ उचलतं, घरातल्या माणसांची खाती वेगवेगळी ठेवतं, करासाठी ठरलेला ३१ जानेवारी २०१८ चा भाव जुन्या शेअरना लावतं. पण ते अभ्यासाचं साधन नाही, आणि दिसायलाही तसं साधंच. डीमर्जरची टक्केवारी मात्र कंपनीच्या पत्राशी ताडून बघितल्याशिवाय मी कुठल्याच सॉफ्टवेअरवर सोडत नाही.

मोरपंखी

खातेवही, खूप खूप आभार. खातेनिहाय फिफो हेच दोन अहवालांतल्या घोळाचं मूळ दिसतंय. जुन्या ब्रोकरचा अहवाल आता वेगळ्या नजरेने बघते. एचडीएफसीचं पण सांगाल का? एचडीएफसी लिमिटेडचे २०२० मध्ये घेतलेले १०० होते, १,६८० च्या भावाने; पुढे ती एचडीएफसी बँकेत विलीन झाली. आता बँकेचे ३३६ दिसतात आणि सरासरी ५००.

खातेवही

२५ ला ४२ या प्रमाणात जुलै २०२३ मध्ये १०० चे १६८ झाले. एकूण खर्च तोच, १,६८,०००. म्हणजे बँकेचा शेअर १,००० ला पडला, आणि मुदत २०२० पासूनच मोजायची. मग ऑगस्ट २०२५ मध्ये एकास एक बोनस. त्या १६८ ची किंमत शून्य, आणि त्यांची मुदत बोनस मिळाल्यापासून. ५०० ही सरासरी बघायला ठीक, करासाठी निरुपयोगी. पहिले १६८ विकाल तेव्हा शेअरमागे १,००० वजा होतील, पुढच्या १६८ ना काहीच नाही.

विक्री दोन आर्थिक वर्षांत विभागली तर दीर्घकालीन नफ्याची सव्वा लाखाची सूट दोनदा मिळते. तेवढ्यासाठी तरी हा हिशेब वेगळा ठेवा. दीर्घकालीन नफ्यावर कराचा दर आता साडेबारा टक्के, अल्पकालीनला वीस; दोन्ही २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला.

चिंचपोकळी_लोकल

सगळे ॲप-ॲप करताहेत, मी शीटवाला. गूगल शीट्समध्ये गूगलफायनान्स हे फंक्शन एनएसईचा भाव आणून देतं, थोडा उशिराचा असतो पण आपल्याला कुठे ट्रेडिंग करायचंय? एक पान फक्त व्यवहारांचं: तारीख, खातं, कंपनी, नग, रक्कम, शेरा. डीमर्जर आलं की मूळ ओळीला हात न लावता दोन नव्या ओळी लिहायच्या आणि शेऱ्यात टक्केवारी. सहा वर्षांनी आपणच विसरतो.

शीटचा दुसरा फायदा एक्सआयआरआरचा (तारखांनुसार काढलेला वार्षिक परतावा). खरेदी उणे, विक्री आणि लाभांश अधिक, शेवटी आजचं मूल्य. बरेच ट्रॅकर लाभांश धरतच नाहीत, आणि आयटीसीसारख्या शेअरमध्ये लाभांश सोडला तर परतावा भलताच कमी दिसतो. तुलना करायची तर निफ्टीच्या नुसत्या आकड्याशी करू नका, लाभांश धरलेल्या निर्देशांकाशी, म्हणजे टीआरआयशी करा. ते जमत नसेल तर एखाद्या निफ्टी इंडेक्स फंडाच्या ग्रोथ पर्यायाची एनएव्ही (एका युनिटचं मूल्य) घ्या, त्यात लाभांश आपोआप आलेला असतो.

मी हे केलं तेव्हा माझ्या निवडक शेअरांपैकी निम्म्यांनी इंडेक्स फंडापुढे मान टाकलेली दिसली. कुठल्याही ॲपने हे मला आपणहून सांगितलं नव्हतं 😀

निवांत

ईमेलची परवानगी देऊ नका. स्टेटमेंट वाचण्यासाठी म्हणून अख्खी पेटी उघडून द्यायची काही गरज नाही. दोन्ही डिपॉझिटरी मिळून पॅनवर एकत्रित स्टेटमेंट पाठवतात, त्याला कॅस म्हणतात. व्यवहार झाला तर त्या महिन्याचं, नाहीतर सहामाही. ती पीडीएफ स्वतः उतरवून ॲपमध्ये टाकता येते, पासवर्ड पॅन असतो. फक्त लक्षात घ्या, त्यात नग आणि त्या वेळचं मूल्य असतं, खरेदीची किंमत नसते.

दुसरा मार्ग अकाउंट ॲग्रिगेटरचा, रिझर्व्ह बँकेच्या परवान्याचा. तिथे कुठली माहिती, कशासाठी, किती दिवस हे संमतीत लिहिलेलं असतं आणि संमती मागे घेता येते. ॲग्रिगेटरला स्वतःला मजकूर वाचता येत नाही, तो फक्त पोचवतो. पण संमती आईच्या मोबाईलवरून द्यावी लागेल.

मोरपंखी

सगळ्यांचे आभार. सध्या असं ठरवतेय: अभ्यास स्क्रीनरवरच, रोजचं बघणं ब्रोकरच्या ॲपवर, आणि खरा हिशेब चिंचपोकळींच्या पद्धतीने शीटमध्ये, खात्याच्या स्तंभासकट. एमप्रॉफिटही चालवून बघेन, खातेवहींनी सांगितलेली परीक्षा घेऊन.

एक शेवटचं. बाबांच्या काही शेअरची खरेदीची बिलंच नाहीत. किंमत काय धरायची?

खातेवही

आधी ३१ जानेवारी २०१८ चा भाव बघा, त्या दिवशी एक्स्चेंजवर नोंदला गेलेला सर्वांत वरचा. नियम असा: तो भाव आणि विक्रीचा भाव यांतला कमी असेल तो घ्यायचा, आणि तो व मूळ खरेदी यांतला जास्त असेल तो खर्च धरायचा. नव्वदच्या दशकातली खरेदी २०१८ च्या भावाच्या खूपच खाली असणार, आणि आज विक्री त्या भावाच्या वर होत असेल तर मूळ बिलाने उत्तर बदलत नाही. २०१८ च्या आधी मिळालेल्या बोनस शेअरनाही तोच भाव लागतो.

हवा तो पुरावा एवढाच, की त्या तारखेला शेअर बाबांकडे होते. जुन्या बँकेच्या डीपीकडे (डीमॅट खातं सांभाळणाऱ्या संस्थेकडे) ३१ जानेवारी २०१८ चं बाबांच्या खात्याचं होल्डिंग स्टेटमेंट लेखी मागा. खातं बंद झालं असेल तर आधी वारस असल्याचे कागद मागतील, ट्रान्समिशनच्या वेळी दिलेलेच चालतात. जुलैची वाट बघू नका, तेव्हा त्यांच्याकडे सगळेच रांगेत असतात.