गोळी नुसती गिळवून भागत नाही

१७ वर्षांच्या मांजरीला किडनी, थायरॉइड, बीपी, पित्त अशी सगळी औषधं एकदमच देऊ का, असं विचारलंय. सरसकट नको. किडनीसाठी देतात ते, अन्नातला फॉस्फरस बांधणारं औषध जेवणासोबतच द्या, नाहीतर उपयोग शून्य. सुक्राल्फेट (पोटाच्या आतल्या जखमांवरचं औषध) असेल तर इतर औषधांपासून २ तास लांब. ते बाकीच्यांना नीट शोषूच देत नाही. कोरडी गोळी मांजरांच्या अन्ननलिकेत अडकते, डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकने तर तिथे जखमही होते. म्हणून गोळीमागून सिरिंजने ५-६ मिली पाणी, गालाच्या बाजूने, हळूहळू. रोजच्या जेवणात औषध लपवू नका, आमच्या म्हाताऱ्या मांजरीने त्यापायी जेवणच टाकलं होतं! थायरॉइडचं औषध सुरू झाल्यावर किडनीचे आकडे वर जाऊ शकतात, तेव्हा रक्ततपासणी चुकवू नका.