मुलगी प्रार्थनेत हसली आणि मी रागावलो

प्रश्न

सर्वांना जय ख्रिस्त. आमच्या घरी रोज रात्री कौटुंबिक प्रार्थना असते. मी, बायको, वडील आणि सात वर्षांची मुलगी. गेल्या सोमवारी प्रार्थना म्हणायची पाळी मुलीची होती. डोळे घट्ट मिटून ती म्हणाली, "प्रभू येशू, आजोबांचं घोरणं थांबव, नाहीतर मला त्यांच्याआधी झोप लागू दे." वडिलांना हसू फुटलं, मग बायकोला, आणि मुलगी तर हसतच सुटली. मी ओरडलो, "देवासमोर बसलोय, थट्टा वाटते का?"

तेव्हापासून ती मोठ्याने प्रार्थना करत नाही. पाळी आली की आईचा पदर धरून गप्प बसते.

माझी आई जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून वडील असे खळखळून हसले नव्हते. त्या दिवशी हसले आणि मीच ते बंद पाडलं, हे आता फार लागतंय. मी प्रार्थना चुकवत नाही, शास्त्र वाचतो, पण मनात आनंद म्हणून नाही. पवित्रपण राखून घरात हसू कसं आणायचं?

सारेची लेक

भाऊ, आधी लेकीची माफी मागा. आजच. तिने थट्टा केलीच नव्हती, खरी अडचण देवापुढे ठेवली होती. आपण मोठी माणसं इतक्या सरळपणे मागतो तरी का?

बायबलच्या पहिल्या पुस्तकाचे, उत्पत्तीचे, १७ आणि १८ हे अध्याय पुन्हा वाचा. मूल होणार हे ऐकून अब्राहाम पालथा पडून हसला. त्याची बायको सारा तंबूच्या दाराआड हसली आणि भीतीने "मी हसले नाही" म्हणाली. देव म्हणाला, हसलीस तर खरी. शाप नाही, शिक्षा नाही. नव्वदीच्या बाईच्या मांडीवर मूल आलं तेव्हा त्याचं नाव इसहाक, म्हणजे "तो हसतो". त्या घरात रोज कोणीतरी "हसतो, जेवायला ये" अशी हाक मारत असेल. मला तीन नातवंडं आहेत, म्हणून हे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही.

कुसळ-मुसळाचा दाखला ऐकवताना तरी प्रभू गंभीर चेहऱ्याने बोलला असेल का? डोळ्यात अख्खं मुसळ घेऊन दुसऱ्याचं कुसळ काढायला निघालेला माणूस! ऐकणारे हसले असणारच.

पहाटपक्षी

ताईंशी सहमत. माझा आनंद मला चिमण्यांनी परत दिला, म्हणून लिहितो. आजारपणात महिनाभर खिडकीशी पडून होतो. एक चिमणी रोज गवताची काडी आणायची. काडी चोचीत आडवी, फट अरुंद. दहादा आपटायची, मग मान तिरकी करून काडी उभी धरायची आणि आत शिरायची. मी तिची वाट बघायला लागलो.

तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. शुभवर्तमानांत, मत्तय १० मध्ये एका नाण्याला दोन चिमण्या मिळतात, लूक १२ मध्ये दोन नाण्यांना पाच. म्हणजे पाचवी फुकट, वरकड. आणि प्रभू म्हणतो, त्यांतल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही. त्या पाचवीसाठी मी अंथरुणात रडलो.

मुलीला घेऊन रोज दहा मिनिटं बाहेर बसा. काही शिकवू नका, नुसतं बघा.

जुना वाचक

एक वेगळं सांगतो. हसू आणायचं म्हणून प्रार्थनेत मुद्दाम विनोद करू नका, मुलांना ते लगेच कळतं. आपोआप आलं तर अडवू नका, एवढंच. आणि आईचं दुःख लपवू नका. बायबलमधल्या उपदेशक या पुस्तकात रडण्याचा समय आणि हसण्याचा समय एकाच ओवीत आहेत. प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या मंडळीला "आनंद करा" लिहिलं तेही कैदेतून.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. काल तिच्यासमोर खाली बसून म्हटलं, "बाळा, बाबा चुकला." तिने विचारलं, "देव पण रागावला होता का?" मी इसहाकाच्या नावाचा अर्थ सांगितला. तिने तो आजोबांना सांगितला. वडील बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "तुझी आजीसुद्धा माझ्या घोरण्यावर रोज बोलायची." दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आईचा विषय स्वतःहून काढला.

रात्री मुलीची पाळी आली. "प्रभू येशू, आजोबांना घोरू दे. आजीला ऐकू जाईल."