लिंकन तेव्हा वॉशिंग्टनमध्ये नव्हताच
कुणीतरी लिहिलंय की अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष लिंकन यादवी युद्धाच्या शेवटच्या महिन्यात व्हाइट हाऊसमध्ये बसून तारांची वाट बघत होता. अहो, उलट आहे! २४ मार्च १८६५ ला तो व्हर्जिनियातल्या सिटी पॉइंटला, उत्तरेचा सेनापती ग्रँटच्या छावणीत पोचला आणि चांगले दोन आठवडे तिकडेच राहिला, राहायला नदीतली एक बोट. बंडखोर दक्षिणेची राजधानी रिचमंड ३ एप्रिलला पडली आणि हा पठ्ठ्या दुसऱ्याच दिवशी शहरात, सोबत धाकटा टॅड (त्या दिवशी बारा वर्षांचा झाला पोरगा) आणि जेमतेम डझनभर खलाशी, आजूबाजूला अजून धूर निघतोय आणि काल-परवापर्यंत गुलाम असलेले लोक भोवती गर्दी करतायत, सिक्युरिटीच्या नावाने बोंबच. तिथे तो दक्षिणेचा अध्यक्ष डेव्हिसच्या ऑफिसातल्या खुर्चीत जाऊन बसला, मला हा प्रसंग फार आवडतो.

९ एप्रिलला दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. ११ तारखेच्या भाषणात लिंकनने शिकलेल्या आणि सैन्यात लढलेल्या काळ्यांना मताधिकार द्यावा असं जाहीरपणे म्हटलं. गर्दीत त्याचा पुढे खून करणारा बूथ उभा होता. तीनच दिवसांनी फोर्ड्स थिएटरात त्याने लिंकनला गोळी घातली. दक्षिणेचा दुसरा सेनापती जॉन्स्टनचं सैन्य तर तोवर शरणसुद्धा आलं नव्हतं, ते २६ एप्रिलला.