अनुभव धागा : आपल्या गावचे गुरुजी

औसेकर

मुलाच्या जात पडताळणीसाठी वडिलांचा प्रवेश-निर्गम उतारा हवा होता, म्हणून मागील आठवड्यात गावच्या जिल्हा परिषद शाळेत जाणे झाले. मुख्याध्यापकांनी कपाटातून जुने रजिस्टर काढले आणि गुरुजींचे टपोरे अक्षर कित्येक वर्षांनी समोर आले. त्या पानावरची जवळपास सगळी मुले १ जूनला जन्मलेली होती. शाळा जूनमध्ये भरायची आणि आईला ‘पेरण्या चालू होत्या’ एवढेच आठवायचे. मग उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो की नाही, हे पाहून गुरुजी वर्ष ठरवत आणि तारीख १ जून टाकून मोकळे होत.

गुरुजी बदलीवर आले आणि गावचेच झाले. दिवसभर शाळा, संध्याकाळी पारावर लोकांची पोस्टकार्डे आणि मनिऑर्डरी, रात्री कंदिलाच्या उजेडात मोठ्यांचा वर्ग, असा त्यांचा दिवस असे. पुण्या-मुंबईला गेलेल्या मुलांची पत्रे तेच वाचून दाखवत, पण एका घरचे दुसऱ्या घरी कधी गेले नाही. १९७२ च्या दुष्काळात अर्धा वर्ग आईबापांबरोबर पाझर तलावाच्या कामावर गेला, तेव्हा गुरुजी दुपारच्या सुट्टीत तिथे जाऊन बाभळीखाली पाढे म्हणून घेत, असे वडील सांगतात. तिथे त्यांनी आणखी एक काम अंगावर घेतले. मस्टरवर अंगठा उठवण्याआधी आपले किती दिवस मांडले आहेत, हे ज्याचे त्याला वाचून दाखवायचे. मुकादमाला ते अर्थातच रुचले नाही. गावाने त्यांना जो मान दिला, तो पाढ्यांपेक्षा या वाचून दाखवण्यामुळे अधिक, असे माझे मत आहे.

आपापल्या गावच्या गुरुजींविषयी, बाईंविषयी जरूर लिहावे. नावे दिली नाहीत तरी चालेल.

परभणीकर

माझीही जन्मतारीख १ जूनच आहे. आमच्या कार्यालयात ३१ मे रोजी इतके लोक निवृत्त होतात की एकाच मांडवात सर्वांचा निरोप समारंभ उरकावा लागतो. शाल-नारळाचा खर्च काही वाचत नाही, भाषणे मात्र वाचतात.

लोहाऱ्याची लेक

आमचे गाव भूकंपाच्या पट्ट्यातले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून गाव झोपलेले असताना, सगळे होत्याचे नव्हते झाले. आमच्या सरांचे घरही पडले होते. तरीही दुसऱ्याच दिवशी ते शाळेच्या ढिगाऱ्यातून दाखलखारीज रजिस्टर शोधत होते आणि ‘इथं माणसं काढायची पडलीत, तुम्हाला कागदाचं काय सुचतंय?’ म्हणून कोणीतरी त्यांच्यावर खेकसलेसुद्धा. रजिस्टर मिळाले ते पावसाने भिजून चिकटलेले. सरांनी पान पान सोडवून ते पत्र्यावर वाळवले, आणि जी पाने गेली त्यांवरची नावे, कोणत्या गल्लीतले घर, बापाचे नाव, चुलता कोण, मामा कोणत्या गावचा, हे सारे आठवून एका वहीत उतरवले. पुढे मदतीच्या याद्या झाल्या आणि आईबाप गेलेल्या लेकरांचे नातेवाईक शोधायची वेळ आली, तेव्हा खेकसणारे गृहस्थच ती वही मागायला आले होते. पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरली, त्या दिवशी सरांनी हजेरी घेतली नाही. सगळी नावे मोठ्याने वाचण्याची कोणाचीच तयारी नव्हती.

धारूरकर

ताई, वाचून गलबलून आले.

आमच्याकडे बाई होत्या. दसरा झाला की गाव ऊसतोडीसाठी साखर कारखान्याच्या वाटेला लागते आणि शाळेचे पट बसतात. बाई त्याआधीच घरोघर फिरत. आईबापांना सोडून थेट आजीशी बोलत, कारण मूल मागे ठेवायचे तर सांभाळणार तीच. एका घरी मी त्यांच्याबरोबर होतो. आजी म्हणाली, “बाई, पोरगी ठिवते की, पर लेकानं मुकादमाकडून उचल घेतलीय, सून बी कोयत्यावर चाललीय, ह्या धाकल्याला म्या एकटी कशी सांभाळू?” बाईंनी विचारले, “धाकट्याला किती वर्षं झाली?” आजीने तीन सांगितली. बाई म्हणाल्या, “त्यालाही पाठवा, वर्गात बसू द्या.” तो वर्षभर पहिलीच्या रांगेत पाटी चाटत बसला. ती पोरगी आज आरोग्यसेविका आहे आणि धाकटा ट्रॅक्टर चालवतो. हंगामी वसतिगृहांची योजना पुढे आली, पण तोवर बाईंच्या स्वतःच्या घरी दरवर्षी दोन-चार मुली राहून जात.

अंबाजोगाईहून

या परंपरेचे मूळ निजामी राजवटीत आहे, याची आठवण करून द्यावीशी वाटते. सरकारी शिक्षणात उर्दूचे वर्चस्व असताना मराठी मुलांसाठी खासगी शाळा निघाल्या आणि तेथील शिक्षक आपोआपच सार्वजनिक कार्यकर्ते झाले. स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर आमच्या योगेश्वरी शाळेत मुख्याध्यापक होते. १९३८ साली ते हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरले. त्या पिढीतल्या कित्येक गुरुजींना मोडी आणि उर्दू दोन्ही येत. १९४८ पूर्वीचे जमिनीचे उर्दू कागद घेऊन लोक माझ्या आजोबांच्या गुरुजींकडे येत, आणि भावाभावांचे वाद ओसरीवरच मिटत. न मिटलेल्यांची संख्याही कमी नसावी, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

परभणीकर

आमच्याकडे असा एक उर्दू कागद अजून ट्रंकेत आहे. वाचून देणारे कोणी आहे का?

अंबाजोगाईहून

स्वच्छ फोटो काढून पाठवा. मला येत नाही, पण शेजारचे निवृत्त मौलवीसाहेब वाचून देतात.

नांदेडकर

मी स्वतः जिल्हा परिषद शाळेत आहे, म्हणून थोडे वेगळे लिहितो. सध्याचे शिक्षक तालुक्याहून अप-डाऊन करतात, ही तक्रार खरी आहे. परंतु मतदार यादी, जनगणना, पोषण आहाराचा हिशेब आणि रोज मोबाईलवर भरायची माहिती इतकी आहे की पारावर बसायला संध्याकाळ उरत नाही. तरीही गावात राहणारे दोन सहकारी माझ्या माहितीत आहेत. त्यांपैकी एक जण दर रविवारी म्हाताऱ्यांना घेऊन बँकेत जातो, कारण निराधार योजनेचे पैसे काढताना बोटांचे ठसे जुळत नाहीत.

धारूरकर

रविवारी बँक बंद असते, सर.

नांदेडकर

बँकेचे गावातले ग्राहक सेवा केंद्र चालू असते. ते चालवणारा त्याचाच विद्यार्थी आहे.