शब्दचर्चा: थायरॉईडमधल्या आयनांचं 'वहन' की 'परिवहन'?

गिरगावकरीण: डुकराच्या थायरॉईडवरच्या एका लेखाचं मराठी करतेय. ऊतीच्या एका बाजूचे आयन दुसऱ्या बाजूला जातात, त्याला काय म्हणू? 'परिवहन' लिहिलं की बेस्टची लाल बसच दिसते.

चकली: बेस्टच्या नावात 'विद्युत पुरवठा'ही आहे, म्हणजे आयनांना चपखलच! गंमत सोडा, 'वहन' घ्या. 'विसरण' मात्र नको. ते म्हणजे जास्तीकडून कमीकडे आपसूक पसरणं. थायरॉईडच्या पेशी आयोडाइड (आयोडीनचे आयन) रक्तातल्यापेक्षा 20 ते 40 पट साठवतात, ते आपसूक कसं होईल?

परळनिवासी: नुसतं 'वहन' मोघम होतं. पेशीच्या रक्ताकडच्या अंगाला एक वाहक प्रथिन असतं. ते 2 सोडियम आयनांबरोबर 1 आयोडाइड आत घेतं, म्हणून तिथे 'सहवहन'. ऊर्जा खर्च होते ती शेजारच्या पंपात. तो 3 सोडियम बाहेर टाकून 2 पोटॅशियम आत घेतो, त्यामुळे सोडियमला सतत आत शिरायची ओढ. त्या ओढीवर आयोडाइड येतं. पुढे पुटिकेच्या (या पेशींच्या थराने वेढलेल्या सूक्ष्म पिशवीच्या) पोकळीत मात्र ते उताराने जातं, पेंड्रिनसारख्या प्रथिनांतून. आमच्या परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये (स्थापना 1963) थायरॉईडच्या रुग्णांना किरणोत्सारी आयोडीन-131 देतात, तेही पेशीत याच वाटेनं शिरतं.
आणि दिशा लिहाच. डुकराच्या पेशींच्या थरात सोडियम उलट, पोकळीकडून रक्ताकडे शोषलं जातं. अमिलोराइड हे सोडियमची वाट अडवणारं औषध घातलं की ते शोषण अडतं.

गिरगावकरीण: मग 'ऊतीतून वहन'?

चकली: छे, त्यात आयन ऊतीतून निघाल्यासारखे वाटतात. 'ऊतीच्या आरपार'.

जुनापुराणा: थायरॉईडऐवजी 'अवटु ग्रंथी' का नाही?

चकली: पाठ्यपुस्तकात आहे, चालेल. पण अमरकोशात 'अवटु' म्हणजे मानेची मागची बाजू, आणि ग्रंथी आहे गळ्यापुढे! ओपीडीच्या रांगेतही कुणी 'माझी अवटु वाढली' म्हणत नाही. मी थायरॉईडच ठेवीन.

गिरगावकरीण: ठरलं. शेवटचं, अमिलोराइड 'रोधक' की 'अवरोधक'?

परळनिवासी: अवरोधक. याच लेखात थराचा विद्युतरोधही मोजलेला असणार, 'रोधक' लिहिलंत तर वाचणारा गोंधळेल.