प्रतिसाद: जेंटी की सँडर्स?

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन पळणारे हे दोघे; त्यात जेंटीचा २०२४ चा मोसम सँडर्सच्या १९८८ पेक्षा सरस, असं वर म्हटलंय. मला नाही पटत. बॉइझी स्टेटच्या ॲश्टन जेंटीने १४ सामन्यांत चेंडू घेऊन पळत २,६०१ यार्ड काढले, एका मोसमातल्या सर्वाधिक यार्डांचा सँडर्सचा विक्रम २७ यार्डांनी हुकला. ओक्लाहोमा स्टेटच्या बॅरी सँडर्सचे २,६२८ मात्र ११ सामन्यांतले! तेव्हा बोल सामन्याचे (मोसमाअखेरच्या खास लढतीचे) आकडे मोसमात धरत नसत, नाहीतर वायोमिंगविरुद्ध हॉलिडे बोलमधले २२२ यार्डही जमा झाले असते.

जेंटीला कमी लेखत नाही हां. चेंडू हाती येईपर्यंत हात सैल सोडून खांबासारखा उभा, मग दोघा-तिघांनी धरलं तरी गडी सहजी पडायचा नाही. पण सँडर्सला मुळात धरायचं कुणी? टॅकल करणारा पोचेपर्यंत स्वारी भलतीकडेच!